बारमाही लवाद
कृष्णा ही महाबळेश्वरी उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी आहे, ही केवळ भूगोलाची समजूत असून प्रशासनाच्या लेखी ती टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजली जाणारी आणि कधीही निकाली न निघणारी नस्ती आहे. राज्यांनी एकत्र बसून खोऱ्याचे नियोजन करावे म्हणून १९५६ साली नदी मंडळ कायदा झाला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झाले नसल्यामुळे त्या कायद्याविषयी कोणाचीच तक्रार नाही. त्याच वर्षीच्या आंतरराज्यीय जलविवाद कायद्याला मात्र उसंत मिळालेली नाही.

या कायद्याखाली १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने ७८ वर्षांच्या नोंदी तपासून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे निदान तेवढे येईलच असे, २०६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटून दिले. २००४ साली आलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने नोंदींची नवी मालिका घेतली, विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर उतरवली, आणि आकाशातून एक थेंबही जादा न पडता वाटपाचे पाणी वाढले. जलसंधारणाचा इतका स्वस्त प्रयोग अन्यत्र झाल्याचे दिसत नाही. हा निवाडा राजपत्रात छापण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मनाई केल्याने ते वाढीव पाणी कागदावर आले खरे, पण कायद्याच्या पाटात उतरले नाही. २००२ च्या दुरुस्तीने लवादाला तीन वर्षे आणि फार तर आणखी दोन अशी मुदत घालून दिली आहे. तथापि २०१४ साली तेलंगणाच्या रूपाने नवा वाटेकरी जन्मल्यामुळे कामकाज नव्याने सुरू झाले, आणि कृष्णेच्या खोऱ्यात मुदतवाढ तेवढी मोसमी पावसाहून भरवशाची ठरली.

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा मात्र एकाही राज्याने त्या पाण्यात आपला वाटा मागितला नाही. महाराष्ट्र शासनाच्याच वडनेरे समितीने त्या पुराचा दोष कृष्णेवरील, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर ठेवला नाही, तरी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास विरोध करताना पुराचीच साक्ष काढली जाते. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत उभ्या राहिलेल्या इमारतींची सुनावणी या लवादापुढे होण्याचा संभव नाही, कारण त्यांना परवानगी देणारे आणि त्यांत बुडणारे एकाच राज्याचे रहिवासी असल्याने तो विवाद आंतरराज्यीय ठरत नाही.