बारका अ, मधला अ, मोठा अ

सरकारी वळणाच्या संकेतस्थळावर उजव्या कोपऱ्यात तीन अ उभे असतात. बारका, मधला आणि मोठा. हे तिघे हजर झाले की संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम झाले आणि कंत्राटदाराचे बिल मंजूर.

मोठा अ समजतो. चाळिशी लागलेल्याला बरा पडतो. मला कुतूहल आहे बारक्याचे. ‘साहेब, अक्षरं फार स्पष्ट दिसतात हो, जरा बारीक करा,’ असे गाऱ्हाणे घेऊन नेमका कोणता दिव्यांग आला होता? आला असणारच, त्याशिवाय का टेंडरमध्ये त्याची सोय झाली? त्या गृहस्थाचा सत्कार व्हायला हवा. आजवर सरकारदरबारी ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले, असा तो एकटाच. बाकी अक्षरे लहानमोठी करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असतेच, हे कुठे बोलू नका. उगाच कोणाच्या तरी पोटावर पाय यायचा.

आता मोठा अ दाबा. ‘मुख्यपृष्ठ’ मोठे होते, ‘आमच्याविषयी’ मोठे होते. ज्यासाठी आलात ते परिपत्रक मात्र जसेच्या तसे, कारण ते स्कॅन केलेले. कागद तिरका, मजकुरावर गोल शिक्का, समासात पंचिंगचे भोक. विषय : दिव्यांगांसाठी योजना. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या लेखी ते निव्वळ चित्र, वाचायला त्यात एक अक्षर नाही. आणि हे परिपत्रक मुळात टाइप केलेले होते हो! संगणकावर टाइप करायचे, छापायचे, सही घ्यायची, मग त्याचा फोटो काढून पुन्हा संगणकात घालायचा, एवढे कष्ट कशासाठी? मूळ फाइल चढवली असती तर काय साहेबांची सही पुसली जाणार होती? ज्याला दिसतच नाही त्याने तुमच्या तीन अंचे काय लोणचे घालायचे? तो एनव्हीडीए लावून बसलेला असतो. एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेले हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर फुकट मिळते. ते बिचारे समोर दिसेल ते वाचते : ‘बटण. बटण. बटण.’ यातल्या एकाने अर्ज दाखल होतो, दुसऱ्याने अख्खा पुसला जातो. नावे द्यायला कोणाला वेळ झाला नाही. त्यातून पार पडलात तर आपण माणूस आहात हे वाकडी अक्षरे ओळखून सिद्ध करायचे. डोळे नसतील तर माणुसकीचा दाखला नामंजूर.

बटणाला नाव द्यायला, फोटोमागे वर्णनाची एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजून लिहिले. नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करा, असेही बजावले. नियम आले २०१७ मध्ये. मुदत कधीच उलटली, आणि आम्ही अजून अ मोजतोय.

अडचण आलीच तर तळाशी ‘सुगम्यता निवेदन’ आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक हवा, असे ते पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत सांगते. खाली मदतीचा दूरध्वनी क्रमांकही दिला आहे. चित्रात.