कोंडीची बदली

वाहतूक कोंडी आपल्याकडे सरकारी नोकरीत असते. तिला निवृत्ती नाही, निलंबन नाही. फार आरडाओरड झाली की बदली होते. या बदलीच्या आदेशाला उड्डाणपूल म्हणतात. तो काँक्रीटमध्ये काढावा लागतो आणि त्याला काही कोटी लागतात, एवढाच इतर आदेशांहून फरक. कोंडी रस्त्यावरून उचलून पहिल्या मजल्यावर नेली तर तिला बढती मिळाली, असंही समजायला हरकत नाही.

यामागचं गणित शाळकरी आहे. मोकळ्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण १८०० ते २००० मोटारी जातात. सिग्नल निम्मा वेळच हिरवा असेल तर जेमतेम निम्म्या. म्हणजे पूल ज्या तडफेनं गाड्या आणून ओततो, त्याच्या निम्म्या गतीनं पुढचा चौक त्या गिळतो. उरलेल्या आधी उतारावर थांबतात, मग पुलावर. पुलाखालून आलेली मंडळीही नेमकी उतार संपतो तिथंच येऊन भेटतात. पूर्वी चौकात अडकलेला माणूस निदान बाजूला होऊन चहा तरी घेऊ शकायचा. २००२ साली खुल्या झालेल्या जे. जे. उड्डाणपुलावर अडकला, तर मोहम्मद अली रस्त्यावरच्या खिडक्या इतक्या हाताशी की कोणाकडे काय शिजतंय एवढं ओळखत बसायचं.

वाईट पुलाला झोडपणं सोपं असतं, म्हणून आपल्याकडच्या चांगल्या उन्नत रस्त्यांपैकी एक घेऊ. ईस्टर्न फ्रीवे २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यानं चेंबूरहून दक्षिण मुंबईला जाण्याचा वेळ खरोखरच पुष्कळ कमी केला. पण गाड्या उतरतात पी. डि'मेलो रस्त्याकडे, आणि त्या रस्त्याची रुंदी वाढवायची तर आधी मुंबई रुंद करावी लागेल. तिथली गर्दी फोडायला आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा हाती घेतला आहे. दुसऱ्या टोकाला फ्रीवे ठाण्यापर्यंत वाढवायचं ठरलं. म्हणजे दक्षिणेला कोंडी भूमिगत होणार आणि उत्तरेला तिची थेट जिल्ह्याबाहेर बदली.

पुणं याही पुढं आहे. विद्यापीठ चौकात पूल झाला तरी कोंडी तिथून हलली नाही. बदली रद्द करून घेण्याइतकी तिची वर ओळख असावी. २०२० मध्ये, जेमतेम दीड दशकाच्या वयात, तो पूल आणि ई-स्क्वेअरजवळचा त्याचा भाऊ पाडले गेले, कारण मेट्रो येणार होती. त्या जागी दुमजली पूल उभा राहिला, वर मेट्रो आणि खाली वाहनं, आणि त्याची एक बाजू २०२५ मध्ये खुली झाली. मधल्या काळात तिथं पूल नव्हता, खोदकाम मात्र होतं, आणि शहर तरीही चाललं. रांगत, पण चाललं. चांदणी चौकातला जुना पूल तर २०२२ मध्ये सहाशे किलो स्फोटकं लावूनही एका दमात पडेना. आपल्याकडची बांधकामं कच्ची असतात, अशी तक्रार करणाऱ्यांची त्या रात्री फार पंचाईत झाली.

यावर ठरलेला आक्षेप येतो : पूल नसते तर काय हाल झाले असते? रेल्वेरुळांवरच्या किंवा महामार्ग एकमेकांना छेदतात तिथल्या पुलाबाबत तो रास्तच आहे. शहरातल्या पुलाचं दुखणं वेगळं. रस्ता मोकळा झाल्याची बातमी पसरली की एरवी बसनं किंवा आडवेळी जाणारे लोक गाडी काढून तिथं हजर होतात. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांविषयी हेच दाखवलं : महामार्ग जितके वाढतात, गाड्यांची धावही जवळपास तितकीच वाढते. अमेरिकेचं आम्हाला नका सांगू, असं कोणी म्हणेल, तर आशियात या. सोलनं चंगेचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये खालचा ओढा मोकळा केला. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. ते काम करणारे महापौर ली म्युंग-बाक पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, याची नोंद आपल्या नगरसेवकांनी अवश्य घ्यावी. (नंतर ते तुरुंगातही गेले, पण ते पूल पाडल्याबद्दल नव्हे.)

सोलनं त्याच सुमाराला बससेवेची नव्यानं मांडणी केली, हे सांगायला लागलं की मात्र श्रोते घड्याळाकडे पाहतात. पुण्यात बसला वेगळी मार्गिका देण्याचा प्रयोग २००६ च्या सुमाराला सुरू झाला. नगर रस्त्यावर तर ती मार्गिका उखडण्यापर्यंत मजल गेली. बसमार्गिकेत कोंडी होत नाही हाच तिचा गुन्हा. ती रिकामी दिसते, म्हणून वाया गेल्यासारखी वाटते. पूल कसा सदैव भरलेला, म्हणजे लोकांना हवा होता हे उघडच आहे! शिवाय त्याचं उद्घाटन टप्प्याटप्प्यानं करता येतं, सिंहगड रस्त्यावर झालं तसं. वाढवलेल्या बसफेरीपुढं फीत धरायला जावं, तर पाहुणे गाडीतून उतरेपर्यंत बस निघून गेलेली असते.