श्रीमती हिमचादर यांस, अर्धवट कामाबाबत

प्रति,
श्रीमती लॉरेन्टाइड हिमचादर,
मु. बार्न्स हिमटोपी, बॅफिन बेट, कॅनडा

विषय : विस्कॉन्सिन राज्यातील आइस एज ट्रेलचे राहिलेले काम पूर्ण करून मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

आपण विस्कॉन्सिनातून मुक्काम हलवलात त्याला दहा हजारांहून जास्त वर्षं झाली. तो मुक्काम इतका गाजला की भूशास्त्रज्ञांनी त्या अख्ख्या हिमकाळालाच या राज्याचं नाव दिलं. जाताना पसारा मात्र आवरला नाहीत. जिथवर पोचलात तिथे दगड, रेती आणि मातीचा लांबलचक बांध घालून ठेवलात. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. बर्फाचे प्रचंड तुकडे मातीत पुरलेत, ते सावकाश वितळले, खड्डे पडले, त्यांत तळी झाली. वर पार कॅनडापासूनचे धोंडे कुणाच्याही शेतात आणून टाकलेत.

तक्रार त्याची नाही. उलट या पसाऱ्याच्या कडेकडेने माणसाला चालता यावं, अशी कल्पना मिलवॉकीचे वकील रे झिलमर यांनी १९५०च्या दशकात मांडली आणि १९५८ मध्ये त्यासाठी संस्था काढली. आयुष्य वकिलीत घालवूनही जमिनीचं काम मार्गी लागेल असा त्यांना विश्वास होता, याचं कौतुक वाटतं. १९६० मध्ये ते गेले. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने या वाटेला राष्ट्रीय दर्जा दिला. पश्चिमेला सेंट क्रॉय फॉल्स, पूर्वेला स्टर्जन बे, मधे वळणं घेत सुमारे १,२०० मैल. त्यांतले सुमारे ७०० मैल झाडांवर पिवळे पट्टे मारून तयार आहेत. उरलेले सुमारे ५०० मैल नकाशावर आहेत.

नकाशावरच्या मैलांवरून चालायचं कसं? तर डांबरी रस्त्याने. या तुकड्यांना 'जोडमार्ग' असं भारदस्त नाव आहे. इकडे काउंटीच्या रस्त्यांना अक्षरं असतात, म्हणजे आज दिवसभर 'के'वरून चालायचं, उद्या 'पीपी'वरून. एका अंगाला मका, दुसऱ्या अंगाला सोयाबीन, मागून दुधाचा टँकर. आपलं कर्तृत्व बघायला निघालेला माणूस तासन्‌तास रस्त्याची पांढरी पट्टी बघत जातो. संध्याकाळी तंबू टाकावा म्हटलं, तर दोन्हीकडे कुणाचं ना कुणाचं शेत.

आपली रेघ सलग होती. आपण कुणाला विचारलंच नाहीत, त्यामुळे ते जमलं. आपल्या काळी सातबारा नव्हता. आमच्या लोकांना विचारावं लागतं, आणि विचारायचं कुणी हेसुद्धा आधी ठरवावं लागतं. १९८०च्या कायद्याने वाट मंजूर केली आणि त्याच दमात सांगितलं की केंद्र सरकारने तिच्यासाठी जमीन घ्यायची नाही. लग्न ठरवायचं आणि मांडवाला जागा द्यायची नाही, तशातला प्रकार. २००९ मध्ये सुधारणा झाली : मालक आपखुशीने विकत असेल, तर घ्यायला हरकत नाही. जमीन घेण्यासाठी राज्याचा नोल्स-नेल्सन निधी १९८९ मध्ये सुरू झाला, पण त्यातून होणारी खरेदी विधिमंडळाची अर्थसमिती अडवून धरू शकायची, आणि हरकत कुणाची हे कित्येकदा बाहेर कळायचंही नाही. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार घटनाबाह्य ठरवला. असलं फक्त भारतात चालतं, असं वाचकांना वाटत असेल तर त्यांनी जरा प्रवास करावा.

शिवाय झालेलं काम झालेलंच राहील, याची हमी नाही. काही ठिकाणी वाट नुसत्या शब्दावर मिळालेली असते. एखादा म्हातारा शेतकरी हस्तांदोलन करून म्हणतो, जा माझ्या रानातून. पुढे शेत विकलं जातं, नवा मालक फाटकाला कुलूप लावतो, स्वयंसेवक येऊन पिवळे पट्टे पुसतात आणि चालणारा पुन्हा 'पीपी'वर. दुसरीकडे डेव्हिल्स लेकच्या परिसरात वाटेला चक्क दोन फाटे आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. एक वाट पुरी होईना, तिथे दोन!

सबब विनंती की, आपण एकवार परत यावं आणि राहिलेल्या ५०० मैलांवरून फिरून जावं. मका, कुलपं, अक्षरांचे रस्ते एका झटक्यात सपाट होतील आणि नवाकोरा हिमोढ तयार मिळेल.

इथवर लिहून झाल्यावर अर्ज मागे घेत आहे. आपण आलात तर तयार ७०० मैलही जातील, आणि राजधानीचं मॅडिसन शहर, समिती व न्यायालयासकट बर्फाखाली जाईल. (समितीबद्दल माझा आग्रह नाही.) शिवाय बार्न्सवर आपला जो शेवटचा अवशेष उरला आहे, तोही आक्रसत चालला आहे. त्याला एवढ्या दूरची बदली झेपायची नाही.

आणि खरं सांगायचं तर सक्ती नाही, हे मला मान्यच आहे. शेत ज्याचं, त्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. माझा राग 'हो' म्हणणाऱ्याला ताटकळत ठेवणाऱ्यांवर आहे. तो तयार होतो तेव्हा निधी मंजूर नसतो, आणि निधी मंजूर होईतो त्या जागेवर बंगले उठतात.

कळावे, लोभ असावा, पण लांबूनच.

आपला नम्र,
जोडमार्गावरचा एक पादचारी

प्रत माहितीसाठी : मिलवॉकी, मॅडिसन आणि आसपासची समस्त मराठी मंडळी. वाट बांधायला स्वयंसेवक हवे असतात, अनुभवाची अट नाही, अवजारं तिथेच मिळतात आणि कामही शिकवतात. जाड बूट घालून या.