भावी डॉक्टर-इंजिनिअर

‘सध्या काय करतोस?’ असं विचारलं, तर तो चाकणच्या नोकरीचं नावही काढत नाही. ‘फंडेड पीएचडी बघतोय, जर्मनीत,’ म्हणतो. हे बघणं इतकी वर्षं चाललंय, की सोसायटीतल्या पोरांना तो त्याचा हुद्दाच वाटतो.

वडिलांच्या गळी हे उतरवणं अवघड गेलं. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त. ‘आपण शिकायचं आणि पैसे तेच देणार? आधी किती भरायला सांगतायत ते बघ!’ मग त्यानं समजावलं, की तिथल्या टेक्निकल विद्यापीठांत पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाच्या नोकरीतच असतो. पगार राज्य कर्मचाऱ्यांच्या करारानुसार : टीव्ही-एल, श्रेणी तेरा. ‘श्रेणी’ ऐकताच वडील सरसावून बसले. टप्पे किती? सहा. पहिला टप्पा एका वर्षात संपतो, दुसऱ्याला दोन वर्षं लागतात. वर्षअखेरीला जादा रक्कमही मिळते. अभियांत्रिकीत बऱ्याचदा पूर्ण पद असतं, पण कुठे पासष्ट टक्के तर कुठे पन्नास. पन्नास टक्क्यांत पगार अर्धा आणि काम पूर्ण, हे मात्र त्यांना समजवावं लागलं नाही. आता कट्ट्यावर कुणी जर्मनी म्हटलं, की तेच बजावतात, ‘डार्मश्टाटच्या विद्यापीठाचा करार वेगळा आहे बरं का!’

याचा मूळ विषय हीट एक्सचेंजर. पण तो फार काळ मूळ राहिला नाही. कार्ल्सरुहेत बॅटरीवरची जागा निघाली, की याला बॅटरीची ओढ शाळेपासूनची. ड्रेस्डेनला काँक्रीट निघालं, की काँक्रीटची. फ्रायबर्गच्या १७६५ सालच्या खाण अकादमीत पद दिसलं तेव्हा ‘माझा पिंडच खनिजांचा’ हे त्यानं एका रात्रीत सिद्ध केलं, जोडीला दोन पानांचा संशोधन प्रस्तावही. ‘पण तुला नक्की कशावर काम करायचंय?’ असं विचारणारा माणूस त्याला अडाणी वाटतो. आधी पद, मग जिज्ञासा.

ईमेल पाठवण्याचं त्याचं शास्त्र आहे. तिथे सकाळचे नऊ वाजताना पत्र सगळ्यांत वर दिसलं पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा, हिवाळ्यात दीड. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं सरकतात, तशी कंपनीत याच्या जेवणाची वेळ सरकते. हिवाळाभर कँटीनमधल्या पोळ्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

स्वतःचं जमलं नसलं, तरी मार्गदर्शन जोरात आहे. रविवारी चार-पाच जण सीव्ही घेऊन येतात. केंद्रीय प्रवेश परीक्षेची वाट बघू नका, माणसं प्राध्यापकाच्या विभागातच निवडतात. आधी त्यांचे तीन शोधनिबंध वाचा. ‘रिस्पेक्टेड सर’ खोडा. डॉक्टर दोनदा असेल तर दोनदा लिहा. सगळं अचूक सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणी आखेनला गेलं, कुणी म्युनिकला. आई प्रत्येकाला लाडू बांधून देते आणि आत जाऊन भांडी जोरात घासते.

त्यांतलीच एक मुलगी आता एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. आलेले अर्ज चाळायचं काम तिच्याकडे असतं. गेल्या हिवाळ्यात याचा अर्ज तिथेच गेला. तिनं रीतसर जर्मनमध्ये नकार कळवला, यानंच शिकवलेल्या मायन्यासकट. तासाभरात याचं उत्तर गेलं : संबोधनानंतरचा स्वल्पविराम राहिलाय, आणि पुढच्या जाहिरातीची तारीख काय?