अकरावीची पट्टराणी, बारावीची मोलकरीण

कानावर आलं का तुमच्या? तिकडे कावेरीकाठी, तंजावूरच्या तिरुवैयारू, पापनाशम, ओरत्तनाडूकडच्या शाळांत भलतंच काही चाललंय. आणि चोरून नाही हो, सरकारी पुस्तकात छापून!

तामिळनाडूच्या राज्य मंडळात संगणकशास्त्र घेतलेलं पोर अकरावीत सी प्लस प्लस शिकतं. केवढं ते सोवळं! एखादा आकडा आत घ्यायचा तर आधी त्याचं कूळ सांगा, पूर्णांक की अपूर्णांक? ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की कंपायलर दारातच अडवतो. वर्षभर हे सगळं पाळून पोर बारावीत जातं आणि बघतं तर काय, घरात पायथॉन नांदतेय! ना कुळाची चौकशी, ना अर्धविराम, ना महिरपी कंसांचे दागिने. ओळ जरा आत सरकवून लिहिली की झालं. बरं, 2019 मध्ये आलेलं हे पुस्तक तेवढ्यावरही थांबत नाही. चौदाव्या धड्यात पायथॉन चक्क सी प्लस प्लसलाच कामाला लावते. कालची पट्टराणी, आज हाताखाली!

धड्यातलं काम काय, तर दिलेली संख्या उलटी वाचली तरी तीच राहते का ते बघायचं. त्यासाठी सी प्लस प्लसचा प्रोग्राम वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा. मग पायथॉन ओएस नावाच्या मॉड्यूलकरवी जी प्लस प्लस कंपायलरला हाक मारणार, त्याच्याकडून तो प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवून घेणार, चालवणार, आणि उत्तर पुढ्यात. का, तर म्हणे सी प्लस प्लस पळायला चपळ. चपळ आहेच. दहा कोटी बेरजांचं साधं चक्र ती बघता बघता उरकते; पायथॉनला चांगले काही सेकंद लागतात, कारण दारात न केलेली चौकशी ती मग प्रत्येक फेरीला करत बसते. पण इथे तपासायची संख्या एकच! जी प्लस प्लस कंबर कसून उभा राहीपर्यंत पायथॉनने स्वतःच एका ओळीत ती उलटून पाहिली असती. हौसेला मोल नाही, दुसरं काय.

बड्या घरची कथाही वेगळी नाही. पायथॉनची नमपाय ही लायब्ररी वापरून अवजड गणितं करणारे कौतुक करतात पायथॉनचं, आत राबते सी भाषा. नाव हिचं, घाम तिचा. आणि सोप्या भाषेला नाकं मुरडण्याची रीत जुनीच. 1957 मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान आणली, तेव्हा यंत्राच्या भाषेत मुरलेल्यांना ती अशीच आळशांची सोय वाटली होती. बॅकसचा हिशेब मात्र रोकडा होता: प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या पगाराला यंत्राच्या खर्चाइतकाच पैसा जात होता.

तंजावूरने तरी या प्रकाराला दचकू नये. तिथल्या मराठी दरबारात कारकून मोडीत लिहीत. लेखणी फारशी न उचलता पान सरसर भरायचं. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला आणि तो वाचणाऱ्याच्या माथी बसला. आज ती मोडी दप्तरं लावता येणारी माणसं हुडकावी लागतात. पण 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला, तो देवनागरीत. पाथरवटाचे हात दुखले असतील, दुखोत. एकदाच कोरायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या वाचायचं, तर कष्ट कुठे घ्यायचे हे त्या मंडळींना बरोबर कळत होतं. आमच्या चौदाव्या धड्याने नेमकं उलटं केलं: एका चिठ्ठीसाठी पाथरवट बोलावला!

पोरांना याचं सोयरसुतक नाही, त्यांना पायथॉनच हवी. पायथॉनचं हे वेड कशामुळे, असं विचाराल तर कारण अगदीच घरगुती आहे. बारावीचा लेखी पेपर सत्तर गुणांचा, वेळ तीन तास, आणि प्रोग्राम उतरवायचा कागदावर, पेनाने. तिथे दोघींपैकी एकीलाही पळायचं नसतं. जिच्या ओळी कमी, ती लाडकी!