दर्यावर्दी नाना

आमचे शेजारी नाना सध्या दर्यावर्दी झालेत. समुद्र पाहतात तो मोबाइलवर. त्यांनी शेअर घेतलेल्या जहाज कंपनीची नोंदणी मार्शल बेटांवर, कचेरी अथेन्सात, शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात. जहाज कुठंय, ते विचारायचं नाही. मालवाहतूक दरांचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८मध्ये ११,७९३वर होता, डिसेंबरात ६६३वर आपटला. नाना म्हणतात, "भरती-ओहोटी चालायचीच!" (ओहोटीत त्यांचे किती वाहून गेले, हे वहिनींना अजून ठाऊक नाही.)

हेच नाना परवा गावच्या शाळेला दान द्यायला पुस्तकं घेत होते. रद्दीवाल्याकडून, किलोवर. पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस. वर शाळेकडे आयकर सवलतीसाठी ८०-जीची पावती मागितली. वस्तुरूप दानाला ती सवलत नसते, हे कळताच दोन जाड कादंबऱ्या पिशवीत परत गेल्या.