हुजुरांचा वाडा आणि बेलापूरची अंगणे

हॉलंडात १९९९ साली जन्मलेल्या 'बिग ब्रदर'चा हिंदीमार्गे आलेला नातू 'बिग बॉस मराठी' २०१८ च्या एप्रिलात कलर्स मराठी वाहिनीवर अवतरला, आणि लोणावळ्याच्या एका बंदिस्त घरातील मंडळींचे चहा-पोळीवरून जुंपलेले कलह महाराष्ट्र जेवणे लांबवून पाहू लागला, तेव्हा आमच्या सीबीडी बेलापुरातील सुज्ञ जनांस यात नवल ते काय, हेच उमगेना. कारण मुलूखभरातील परक्या माणसांना एका जिन्यावर आणून बसविण्याचा उद्योग १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको येथे कित्येक दशके करीत आली आहे, आणि तोही कॅमेऱ्याविना.

त्या घरात म्हणे एक अदृश्य आवाज फर्मान सोडतो व सारे सदस्य कोचावर मुकाट बसून ते ऐकतात. कोकण भवनाचे जिने झिजविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना याचे कौतुक सांगू नये. बिग बॉस यांचा हुकूम निदान कानी पडतो. आमच्याकडे 'वरून आदेश आहे' एवढीच वार्ता मेजामागून येते, आणि हे 'वर' म्हणजे कोणता मजला, हे शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत कोणासही सांगता येत नाही.

मला खरी मौज वाटते ती वास्तुरचनेची. ऐंशीच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी येथे आर्टिस्ट व्हिलेज रचिले, तेव्हा सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या एकेका अंगणाभोवती सात-सात घरे मांडली. अंगण सर्वांचे, परंतु दोन घरांत सामायिक भिंत म्हणून ठेविली नाही, जेणेकरून ज्याला त्याला शेजाऱ्याची मनधरणी न करता आपले घर वाढविता यावे. (ही सवलत रहिवाशांनी इतक्या निष्ठेने उपभोगिली की, मूळचे कौलारू घर आता हुडकावे लागते.) मनुष्यस्वभावाचा हा अभ्यास बिग बॉस यांनीही केला असावा, फक्त निष्कर्ष उलटा काढला: शयनगृह एक, मुदपाकखाना एक, आणि आरशामागे कॅमेरा.

तरीही त्या सदस्यांचा मला हेवाच वाटतो. २०२४ चे पाचवे पर्व सत्तर दिवसांत आटोपले आणि सूरज चव्हाण करंडक घेऊन बाहेर पडला. आमच्या सेक्टरांत एका सदनिकेत दाटीवाटीने राहणाऱ्या पेइंग गेस्ट तरुणांचा करारनामा मात्र अकरा महिन्यांचा. भांडी कोणी घासावी हा वाद तोच, मतदान कोणी करीत नाही, आणि मुदत संपल्यावर घरमालक रंगसफेदीचा खर्च वजा करून उरलेली अनामत, उरलीच तर, परत करतो.